पुश करायचं राहिलं

"म्हणजे तुम्ही नेमकं काय केलंत?" ताईंनी विचारलं. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी खुर्ची न वळवताच म्हणाला, "अहो, तुम्ही रजेवर गेलात आणि इकडे प्रोग्रॅम बिल्डच होईना. ती बाहेरची लायब्ररी आहे ना, सेन्सर वाचायची, तिच्यातलं तुमचं कमिट सर्व्हरला सापडतच नव्हतं. मग मी सबमॉड्यूल आधीच्या कमिटवर नेऊन ठेवलं. झालं सुरळीत. पेट्या गेल्यासुद्धा."

"गेल्या?"

"गेल्या की. साहेब हात धुवून मागे लागले होते."

"मला एक फोन तरी करायचात."

"तुमच्या घरी आजारपण. म्हटलं, कशाला त्रास."

ताई खुर्चीत बसल्या आणि उगाचच पदराने चष्मा पुसू लागल्या.

त्यांची कंपनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवायच्या काचेच्या पेट्या बनवत असे. पेटी कधी आणि किती तापवायची हे ठरवणारा प्रोग्रॅम ताईंचा. पण बाळाच्या पोटावर चिकटवलेला सेन्सर वाचणारा भाग, म्हणजेच ती लायब्ररी, कुणा भलत्याच माणसाने दूर कुठेतरी बसून लिहिलेला आणि जगाला फुकट वाटलेला. असा परका कोड कोणी आपल्या कोडात कालवत नाही. त्याचं बिऱ्हाड वेगळं थाटतात, त्यालाच सबमॉड्यूल म्हणतात, आणि आपल्या घरात एवढंच लिहून ठेवतात की अमुक पत्त्यावर जा आणि तिथलं अमुक कमिट, म्हणजे नोंदवून ठेवलेली अमुक आवृत्ती, घेऊन ये. सोय उत्तम आहे. फक्त त्या पत्त्यावर माल पोचलेला असावा लागतो.

ताईंना त्या लायब्ररीत एक खोट सापडली होती. सेन्सरची तार सैल झाली की लायब्ररीने बोंब मारायला हवी. ती मात्र शेवटचाच आकडा पुन्हा पुन्हा सांगत बसायची. तो आकडा जरासा कमी असला, तर पेटी बाळाला गार समजून तापवतच राहायची. ताईंनी दुरुस्ती केली, आपल्याच लॅपटॉपला पेटी जोडून तपासली, अहवालावर सही केली. नव्या कमिटची नोंद मुख्य कोडात घालून तो सर्व्हरवर पुशही केला, म्हणजे चढवला. आता आतली दुरुस्ती कंपनीने ठेवलेल्या लायब्ररीच्या प्रतीवर पुश केली की संपलं, एवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "आई न्हाणीघरात पडली. आहेस तशी ये."

त्या आहेत तशा उठल्या. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. मग ऑपरेशन, औषधं, रात्रीची जागरणं, आणि या सगळ्यात ते पुश मनातून पार पुसलं गेलं. दुरुस्ती त्यांच्या बंद लॅपटॉपमध्ये आणि सर्व्हरवर तिचा नुसता पत्ता.

आता गंमत बघा, ताई मुळात घाबरट. लहानपणी भाऊ त्यांना भित्री भागूबाई म्हणून चिडवायचा, आणि लग्नात सासरी हे नावही आहेरासारखं पोचतं झालं. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारी, कुलूप ओढून ओढून त्याचा जीव काढणारी बाई. तिच्याच हातून हे व्हावं? पण होतं असं. जिथे आपण नेहमी घाबरतो तिथे काही होत नाही, आणि जिथे घाबरायचं राहून जातं तिथे नेमका घात होतो.

केबिनमध्ये साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून दार लावलं.

"तार सैल झाली तरच ना?" साहेब म्हणाले. "आणि तार सैल होईलच कशाला?"

"होते, साहेब. बाळं हलतात, सिस्टर कपडे बदलतात. तपासताना माझ्याकडे झाली होती."

"मग पुढच्या आवृत्तीत घाला दुरुस्ती. गुपचूप. आत्ता दवाखान्यांना कळवलं तर पेट्या परत येतील, कंपनी बसेल. तुम्ही, मी, तो तुमच्या शेजारच्या टेबलावरचा, सगळे घरी." ते थोडे पुढे वाकले. "अहवालावर सही तुमची आहे, ताई. मी आपला तुमच्याच काळजीने सांगतोय."

ताईंनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. जागेवर येऊन त्यांनी पहिल्यांदा ते राहिलेलं पुश केलं आणि मुख्य कोडातली नोंद पुन्हा नव्या कमिटवर आणली. क्षणभराचं काम. त्याने पुढच्या पेट्या शहाण्या होणार होत्या. गेलेल्या पेट्यांचं काय? डोळे मिटले की काच दिसायची, आणि काचेआड मुठीएवढं काहीतरी.

"सासूबाईंकडे जाऊन येते," असं सहकाऱ्याला सांगून त्या निघाल्या. धडधडीत खोटं. रवानगी बघणाऱ्या काकांना जाता जाता विचारलं, त्यांनी सर्वांत जवळचा दवाखाना सांगितला. बसमध्ये ताई स्वतःची समजूत घालत होत्या. तार घट्ट असेल. सिस्टर हसेल. म्हणेल, काय हो बाई, एवढ्यासाठी आलात? हसू दे बापडी. आयुष्यभर लोक हसलेच आहेत, आज हसले तर मी पेढे वाटीन.

बाळांच्या खोलीत ऊन काचेतून आत आलं होतं. दोनच पेट्या, त्यातली एक रिकामी. दुसरीजवळ स्टुलावर एक तरुण आई बसली होती, पेटीवर तळवा टेकवून. ताईंच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून सिस्टर खूश झाली.

"कंपनीकडून का? बरं झालं आलात. छान आहे हो पेटी तुमची. जुनीचा आकडा सारखा वरखाली व्हायचा, जिवाला घोर नुसता. हिचा बघा, कालपासून जागचा हललेला नाही."

ताईंनी पाहिलं. छत्तीस पॉइंट दोन.

"बाळ कसं आहे?"

"तापलंय जरा. थर्मामीटर अडतीसच्या वर दाखवतंय, पण पेटी तर छत्तीस म्हणते. पेटी नवी, थर्मामीटर जुनं, म्हटलं तेच बिघडलं असेल. तरी डॉक्टरांनी रक्त पाठवलंय तपासायला, जंतुसंसर्ग वगैरे नको."

"बाळाला बाहेर काढा."

"अहो, असं कसं? डॉक्टरांना विचारल्याशिवाय..."

"विचारा ना. काढा आणि मग विचारा." ताईंचा आवाज इतका चढला की बाळाची आई उभी राहिली. "सिस्टर, मी हात जोडते. आकडा खोटा आहे."

सिस्टरने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग पेटीच्या खिडकीतून हात आत घातला, बाळाच्या पाठीखाली सरकवला, आणि तिचा चेहरा उतरला. झरझर तिने सेन्सर सोडवला, बाळ उचललं, आईला स्टुलावर बसवून तिच्या छातीशी उघडं धरायला लावलं. बाळ लालबुंद होतं. रडण्याचंही त्राण नसल्यासारखं ते नुसतं तोंड उघडत होतं.

"काय झालं? काय झालं त्याला?" आई विचारत राहिली. सिस्टर डॉक्टरांना हाक मारत बाहेर धावली.

पेटीचं दार सताड उघडं होतं. आत सुरकुतलेली चादर, आणि कडेवरून बाहेर लोंबणारा सेन्सर वाऱ्यावर हलत होता. पडद्यावर छत्तीस पॉइंट दोन. ताई बघत राहिल्या. छत्तीस पॉइंट दोन. आत आता बाळ नव्हतं, पेटी मात्र त्या नसलेल्या बाळाला ऊब देतच होती.

डॉक्टर आले, त्यांनी बाळ तपासलं. सलाइन लावायला सांगितलं, अंग हळूहळू निवतंय म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं, असंही म्हणाले. ताईंनी ते सगळं भिंतीला टेकून ऐकलं. आईने बाळावरून नजर न काढता विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"चूक माझी आहे," ताई म्हणाल्या. ती बाई त्यांच्याकडे पाहत राहिली. रागावली नाही, आभारही मानले नाहीत. बाळाला तिने फक्त दुसऱ्या कुशीकडे घेतलं, ताईंपासून लांब.

फोन थरथरला. साहेब. ताईंनी तो वाजू दिला. वाजून थांबल्यावर त्यांनी रवानगीच्या काकांना लावला आणि पेट्या गेल्या त्या प्रत्येक दवाखान्याचा नंबर मागितला. काका म्हणाले, "साहेबांना विचारलंय ना, ताई?"

"नाही. तुम्ही सांगा."

त्यांनी पहिला नंबर लावला. पलीकडून कोणीतरी कामाच्या गडबडीत विचारलं, "कोण बोलतंय?"

"तुमच्याकडे नवी पेटी आली आहे," ताई म्हणाल्या. "आधी बाळाला तिच्यातून बाहेर काढा. मी कोण, ते मग सांगते."