पेन ड्राइव्ह नसताना

मी बोलतोय. बोलणं हेच माझं काम, पण शब्द कधीच माझे नसतात. मी अंगठ्याएवढा एफएम ट्रान्समीटर. गाडीच्या लायटरच्या सॉकेटमध्ये बसतो. पाठीत पेन ड्राइव्ह खोचला, की त्यातला आवाज हवेतून जवळच्या रेडिओकडे धाडतो. दोघांचा आकडा जुळला की झालं.

माझे मालक औषधांच्या कंपनीचे विक्रेते. दिवस दिवस गाडी चालवायचे आणि जेवण झालं की डुलक्या घ्यायचे. म्हणून त्यांच्या बायकोनं मला आणलं, आकडा जुळवला आणि पेन ड्राइव्हमध्ये गाण्यांऐवजी स्वतःची बडबड भरली. शेजारणीचं भांडण, करपलेली भाजी, काय वाट्टेल ते. मध्येच ओरडायची, "अहो, झोपलात की काय?" मालक दचकून म्हणायचे, "जागा आहे गं बाई!"

मग ती आजारी पडली. दुखणं किती वाढलंय हे लेकीला कळू द्यायचं नाही, अशी तिनं नवऱ्याला शपथ घातली. ती गेली, आणि लेकीनं, मनूनं, बापाशी बोलणंच टाकलं.

मालकांनी पेन ड्राइव्ह उपसून घरी कपाटात ठेवला. मी सॉकेटमध्येच राहिलो. मुका.

ती ज्या दवाखान्यात गेली, तिथल्या डॉक्टरांकडे मालकांना कामासाठी जावंच लागायचं. एका दुपारी तिथल्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ते डोळे मिटून बसले होते. रेडिओ नुसता खरखरत होता. अचानक खरखर थांबली.

"अहो, झोपलात की काय?"

मालकांनी मला उपटलं. त्यांच्या मुठीत मी गार पडलो, तरी रेडिओतून बाई बोलतच होती.

ते बाहेर पडले. दोन गाड्या सोडून, खांबाआड, तोच आवाज अर्धवट उघड्या काचेतून येत होता. आत मनू बसली होती.

"मने, तू?"

"आईनं मलाही असंच यंत्र दिलं होतं, पेन ड्राइव्ह भरून. आकडाही तिनंच लावला, तुमचाच. मी इथे येऊन ऐकते."

मालकांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे तुझंच माझ्या रेडिओवर आलं! मला वाटलं, अहो म्हणून तिनं मलाच हाक मारली."

मनूनं चमकून वर पाहिलं. "बाबा, यात 'अहो' नाहीये. मला ती अहो कशाला म्हणेल?"

दोघांनीही रेडिओकडे पाहिलं. आवाज पुढे सरकला होता. "पोरी, बाबांवर रागावू नकोस. शपथ मीच घातली होती."

"दर वेळी इथेच बंद करते मी," मनू म्हणाली. "आज बंद करायला हात उचलला, तर तुम्ही समोर." तिनं पलीकडचं दार उघडलं. "बसा ना, बाबा."

आता बापलेक एकाच गाडीतून फिरतात आणि मी मनूच्या गाडीच्या खणात पडून असतो. बाबांना डुलकी लागली असेल, स्वप्न पडलं असेल, असं दोघांनी ठरवून टाकलंय.

असेलही. पण मी कधी झोपत नाही. त्यांनी मला उपटलं, त्याच्या आधी ती हाक माझ्यातूनच गेली होती. पाठ रिकामी असताना. कशी, ते मला विचारू नका. एवढंच करा, मला टाकून देऊ नका. तिचं अजून काही सांगायचं राहिलं असेल तर?