शून्याखालचा भाव

मी एक जुनी पितळी मापकाठी आहे. जळकोटला हमरस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर माझं आयुष्य गेलं. रोज सकाळी मालक ईरण्णा मला जमिनीखालच्या डिझेलच्या टाकीत सोडत आणि ओली खूण बघून किती तेल उरलं ते ओळखत. "काठी खोटं बोलत न्हाय," असं ते ज्याला त्याला सांगत. मी फुशारून जाई. मित्रांनो, माझ्या खालच्या टोकाला शून्य आहे. त्याखाली टाकीचा तळ, बाकी काही नाही.

मग टाळेबंदी आली आणि रस्ता ओस पडला. टाकी भरलेली, गिऱ्हाईक नाही. मी रोज गळ्यापर्यंत भिजून वर येऊ लागले. त्याच दिवसांत ईरण्णांना मोबाईलवर कच्च्या तेलाचे सौदे दिसले. तेल एकच, पण या महिन्यात उचलायचं ते मातीमोल, पुढच्या महिन्यातलं महाग, त्यापुढचं आणखी महाग.

"आज घ्यायचं, दोन महिन्यांनी इकायचं. भाव शून्याखाली थोडाच जातोय?" ते बायकोला म्हणाले.

चन्नम्मा माझ्या ओल्या अंगाकडे बघत होती. "अवो, आपलीच टाकी रिकामी हुईना. ते तेल कुठं ठिवायचं?"

"मोबाईलवरचं तेल ठिवावं लागत न्हाय."

चन्नम्माला पिठाची गिरणी घ्यायची म्हणून साठवलेले पैसे त्यांनी त्यात घातले. या महिन्याचा सौदा या महिन्यातच मिटतो, तो धरून बसता येत नाही, हे त्यांनी कुणाला विचारलंच नाही.

सौद्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी इथला बाजार बंद झाला तेव्हा भाव शून्याच्या वर होता. सकाळी ते मला टाकीत सोडत असताना फोन वाजला. अमेरिकेत रात्रीतून भाव शून्याखाली गेला होता. तिकडच्या टाक्या तुडुंब भरल्या होत्या, म्हणून लोक पदरचे पैसे देऊन तेल दुसऱ्याच्या गळ्यात मारत होते. इथला बाजार आधीच बंद झाला असला, तरी इथला सौदाही तिकडच्याच भावाने मिटणार होता. गिरणीचे पैसे गेलेच, वर आणखी भरायचे होते.

मी त्यांच्या हातून सुटले आणि तळावर आपटले. माझा विश्वासच बसेना. शून्याखाली काही असतं, हे मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. आणि तेल ठेवायला जागा नाही, हेच तर मी रोज गळ्यापर्यंत भिजून दाखवत होते. ते चन्नम्माला दिसलं होतं.

आता टाकीत मोजणारं यंत्र बसलं आहे आणि मी कोपऱ्यात धूळ खाते. मित्रांनो, जुन्या काठीला अधूनमधून पुसत जा. आणि काही फार स्वस्त दिसलं, तर ते ठेवायचं कुठे आणि कधीपर्यंत, एवढं आधी विचारा.

गिरणी अजून आलेली नाही. परवा चन्नम्माने मला पदराने पुसलं. शून्याच्या खुणेवर तिचं बोट जरा थांबलं.

"पीठ संपलंय," ती एवढंच म्हणाली.

ईरण्णा उठले. ज्वारीचा डबा डोक्यावर घेतला आणि दुसऱ्याच्या गिरणीकडे चालू लागले.