एका माणसासाठी फळी

वाचनालयातर्फे आम्ही मुलांना चांगल्या कामासाठी छोटी मदत देतो. काम मुलांनीच सुचवायचं, करून घ्यायचंही त्यांनीच, खर्च आमचा. समितीत तिघं: ग्रंथपाल, औषधांच्या दुकानाचे मालक आणि मी, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या दोघांना सगळेच अर्ज गोड वाटतात, त्यामुळे 'नाही' म्हणायचं काम माझ्या वाट्याला आलं आहे. ते मला जमतंही.

नियम दोन, दोन्ही माझेच. काम किमान दहा जणांच्या उपयोगी पडलं पाहिजे. आणि ज्याला मदत करायची त्याचं नाव अर्जात लिहायचं नाही. उपकाराचा डांगोरा पिटला की घेणारा ओशाळतो.

या वेळी एका दहा वर्षांच्या मुलीचा अर्ज आला. 'आमच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर बसायला घडीची फळी. भिंतीला बिजागरीने लावायची, म्हणजे वाट अडणार नाही. सुतारकाकांना विचारलं आहे.' किती जणांना उपयोग? 'एक.'

"एक काय, एक?" मी म्हणाले. "निदान पुढे शून्य तरी जोडायचं."

"खरं लिहिलंय बिचारीने," ग्रंथपाल म्हणाले. "एकदा जाऊन तर या."

पत्ता वाचला आणि माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर माझी ताई एकटी राहते. आईचं शिलाई मशीन तिने मला न विचारता कुणाला तरी देऊन टाकलं, त्यावरून आमचं बिनसलं, आणि दोन वर्षं मी तिकडे फिरकले नव्हते. ताईचा फोन आला की मी सांगायचे, गुडघे धरलेत, जिना चढवत नाही. माझे गुडघे ठणठणीत आहेत. रोज सकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारते. आडमुठेपणाला काहीतरी निमित्त लागतं, एवढंच.

गेले. दुसऱ्या मजल्यावरूनच परत फिरायचं, असं ठरवूनच गेले.

मुलगी मोजपट्टी घेऊन जिन्यात उभी होती. भिंतीवर तिने खडूने रेघ मारून ठेवली होती.

"इतकी उंच हवी. खाली असली तर उठता येत नाही."

"कुणाला?"

"नाव सांगायचं नाही, असा नियम आहे."

माझाच नियम माझ्याच गळ्यात. "अर्जात लिहायचं नाही गं. मला सांगितलंस तर चालेल."

तिने जरा विचार केला. "चौथ्या मजल्यावरच्या आजींना. त्यांच्या बहिणीचे गुडघे दुखतात, तिला येता येत नाही. म्हणून आजीच तिच्याकडे जातात. म्हणजे, निघतात. इथपर्यंत येतात, पायरीवर बसतात, आणि मग त्यांना उठताच येत नाही. मी आणि आई धरून परत वर नेतो."

"असं कितीदा झालंय?"

"दर रविवारी. बहिणीसाठी डबा असतो, तो मग आम्हालाच मिळतो." हे सांगताना ती थोडी लाजली. "इथे नीट टेकायला मिळालं तर पुढचे दोन मजले जमतील, असं त्या म्हणतात."

फोनवर ताईने स्वतःच्या पायांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, आणि आता त्या पोरीच्या नजरेला नजर देता येईना. मी उगाच खडूची रेघ निरखत राहिले.

"मग, मंजूर?" तिने विचारलं.

"मंजूर. उद्याच सुताराला बोलाव."

"पण दहा जण नाहीत."

"तो नियम चुकलाय. माझाच आहे, मी बदलते."

मी वरच्या पायरीवर पाऊल ठेवलं.

"तिकडे कुठे?" ती म्हणाली. "फळी तर इथेच बसवायची आहे."

"वरचं काम माझं आहे."

दोन मजले न थांबता चढले आणि बेल वाजवली. आतून पाय ओढत येण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. दार उघडलं. ताईने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, आधी पायांकडे पाहिलं.

"एवढा जिना चढून आलीस," ती म्हणाली, "गुडघे फार दुखले का गं?"