गरजेचं काम

पक्षाने अध्यक्षपदासाठी कोणाला उभं करायचं हे ठरवायला अमेरिकेत सगळ्यांत आधी आयोवा राज्यातली माणसं जमतात, म्हणून चार वर्षांतून एकदा वेस्टरवोल्डसारख्या गावालाही भाव येतो. टीव्हीवाले येतात, कॉरी विसिंकच्या कॅफेत कॅमेरा रोवतात आणि मका पिकवणाऱ्या, डुकरं पाळणाऱ्या माणसांना जनमत विचारतात. एरवी इकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

"मत काय विचारायचं त्यात?" खिडकीजवळच्या गोल टेबलावरचा एकजण त्या दिवशी म्हणाला. "इथे फक्त कोलबर्न. चर्चमध्ये कोलबर्न, गोठ्यात कोलबर्न. माझ्या डुकरांना विचारलंत तरी तेच सांगतील."

"तुझ्या घरी डुकरांनाच तेवढं मत आहे रे," कॉरी त्याच्या कपात कॉफी ओतत म्हणाली. "बायकोला विचारलंस कधी?"

सगळे हसले. टीव्हीवालीही हसली, आणि तिने कॅमेरा कॉरीकडे वळवला. तर कॉरीनेही तेच नाव सांगितलं. तिच्या काचेवर कोलबर्नचा फलक गेले दोन महिने लटकत होता. सोमवारच्या मतदानाच्या सभेत त्याच्या बाजूने बोलायचंही तिने कबूल केलं होतं.

थेन कोलबर्न म्हणजे आधीचा पाद्री, मग दक्षिणेकडच्या एका राज्याचा गव्हर्नर. वर्तमानपत्रं त्याला कर्मठ म्हणत आणि वर्तमानपत्रं म्हणतात म्हणून गावाला तो आणखीच आवडे. पण वेस्टरवोल्ड त्याच्यावर खरं फिदा झालं ते एका वाक्यावर. उमेदवारांची मोठी वादसभा रविवारी ठेवली, तेव्हा तो म्हणाला, "रविवार देवाचा आहे. मी येणार नाही." बाकीचे उमेदवार गालातल्या गालात हसले. इथे मात्र म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे भरून आले. या गावात रविवारी कुणी गवत कापत नाही, वाळत घातलेले कपडे दिसले तर शेजारीण सोमवारी बोलून दाखवते, पेट्रोल पंपसुद्धा बंद. त्या दिवशी दोनदा चर्चला जायचं आणि मधल्या वेळात झोपायचं.

कॉरीचे डोळे मात्र वेगळ्या कारणाने भरले होते. ते कारण म्हणजे तिचा नवरा आर्न.

त्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. त्या ऑक्टोबरात सतत पाऊस होता, आणि शेजारच्या लव्हॉन रोर्डाचा नवरा हृदयाची शस्त्रक्रिया होऊन इस्पितळात पडला होता. त्यांचा मका शेतात तसाच उभा. शनिवारी रात्री पाऊस थांबला, सोमवारी बर्फ पडणार असं रेडिओ सांगत होता. रविवारी सकाळी आर्नने चर्चचा कोट खुंटीला लावला, हार्वेस्टर काढला आणि अंधार पडेपर्यंत लव्हॉनचा मका कापला. आता यात पाप कुठून शिरलं ते चर्चच्या पंचांनाच ठाऊक. पण शिरलं खरं. पंच घरी आले, दिवाणखान्यात टोप्या मांडीवर ठेवून बसले. आर्न म्हणाला, "आमच्या धर्मशिक्षणातच शिकवलंय ना, गरजेचं आणि दयेचं काम रविवारी चालतं म्हणून?" पंचांचे मुख्य गेरिट हावरहाल्स म्हणाले, "गरज कुठली ते ठरवायला आम्ही आहोत." पुढच्या रविवारी आर्नला सगळ्या मंडळीसमोर उभं राहून पापाची कबुली द्यावी लागली. समोर तो मान खाली घालून उभा, आणि बाकांवर लोक पेपरमिंट चघळत बसलेले. त्यानंतर आर्न चर्चला जायचा, पण गाणं म्हणायचा नाही. तीन वर्षांनी तो गेला तोही तसाच गप्प.

कॉरीने मनाची समजूत घातली होती. नियम म्हणजे नियम, तो कडक असतो, पण देवाचा असतो. आणि मग हा कोलबर्न टीव्हीवर येऊन म्हणाला की अध्यक्षपद गेलं तरी चालेल, रविवार मोडणार नाही. तेव्हा तिला वाटलं, बघ आर्न, नियम थोरामोठ्यांनाही आहे. तुला उगीच नाही उभं केलं.

त्या वाक्यावर ती बाई जगत होती, इतकं साधं होतं ते.

शनिवारी दुपारी गेरिट कॅफेत आले. बाहेर वाऱ्याने बर्फ उडत होतं. त्यांनी बूट आपटून साफ केले आणि लव्हॉनकडे बघून मान हलवली. लव्हॉन आता विधवा होती आणि कॉरीबरोबर कॅफेच्या स्वयंपाकघरात राबायची.

"कॉरी, देवाची कृपा झाली बघ," गेरिट म्हणाले. "कोलबर्नसाहेब येतायत. शुक्रवारची सभा वादळाने बुडाली ना, ती उद्या दुपारी आपल्या चर्चच्या सभागृहात. तीनशे माणसं तरी येतील. हॅम बन आणि कॉफी तुझ्याकडून."

कॉरीच्या हातातलं फडकं थांबलं. "उद्या रविवार आहे, गेरिट."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"अगं, सोमवारी मतदान. दुसरा दिवसच नाही. पंचांनी विचार केला, प्रार्थना केली. हे गरजेचं काम आहे."

कॉरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती आवाज न चढवता म्हणाली, "हा शब्द मी आधी ऐकलाय. माझ्या घरात ऐकलाय. तुम्ही तेव्हा काय उत्तर दिलंत, आठवतंय?"

"ते निराळं होतं."

"निराळं कसं? त्या दिवशी बर्फ येत होतं, आज मतदान येतंय. तिचा मका," कॉरीने लव्हॉनकडे बोट दाखवलं, "गरज नव्हता. आणि ह्यांना तीनशे बन हवेत ती गरज?"

"तो एका घरचा प्रश्न होता. हा देशाचा आहे. जरा समजून घे गं. आर्न बिचारा भला होता, त्याचं काही नाही..."

"त्याचं नाव घेऊ नका," कॉरी म्हणाली. "नाहीतर असं करा, नाव घ्याच. उद्या सकाळच्या उपासनेत सगळ्यांसमोर उभे राहा आणि सांगा, आर्नला उभं केलं ते चुकलं. एवढं म्हणा, मी तीनशे काय, सहाशे बन देते. फुकट."

गेरिटनी टोपी हातात फिरवली. सत्तरी उलटलेला माणूस, क्षणभर त्याचा चेहरा हललासुद्धा. पण मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "चर्चचा निर्णय असा हॉटेलच्या गल्ल्यावर फिरवत नसतात, कॉरी. बन आणखी कुणीतरी करेल. लव्हॉनने हो म्हटलंय मला सकाळीच."

कॉरीने वळून बघितलं. लव्हॉन कांदा चिरत होती, मान वर न करता.

"मी काय करू गं," दार बंद झाल्यावर ती पुटपुटली. "पंचांनी सांगितलं. नाही कसं म्हणायचं?"

"तुझ्यासाठी पंचांना एकाने 'नाही' म्हटलं होतं," कॉरी म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासायला घेतली. घासली म्हणजे आदळली.

रविवारी दुपारी कोलबर्नची बस चर्चच्या आवारात इंजिन चालू ठेवून उभी होती. गाव लोटलं होतं. जाताना दोघी-तिघी एकमेकींना म्हणाल्या, "रविवारी हे बरं नाही हं." आणि असं म्हणून आत गेल्या. गोल टेबलावरचा डुकरंवालाही बायकोला घेऊन गेला. कोलबर्नने म्हणे सुंदर प्रार्थना केली. त्या माणसाचा कॉरीला एवढा राग नव्हता. फिरस्ता राजकारणी तो, रविवारचं वाक्य त्याने मतांसाठी टाकलं असेल; कुठल्या गावाने त्या रविवारपायी कुणाला ठेचलंय, त्याला काय ठाऊक! राग होता तो आपल्याच माणसांचा. ज्यांनी आर्नकडे बोट दाखवलं, तीच बोटं आता मोहरीची चटणी लावलेले बन धरून होती. तिने काचेवरचा फलक काढला, तर चिकटपट्टीचे कोपरे मागे राहिले. ते तिने नखाने खरवडले.

सोमवारी संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत सभा भरली. इथली रीत अशी की उमेदवार स्वतः नसतोच. त्याच्या वतीने शेजाऱ्यापाजाऱ्यांतला कुणीतरी उठतो, दोन शब्द बोलतो, मग कोऱ्या चिठ्ठीवर ज्याला जे हवं ते नाव लिहायचं आणि चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायच्या. सभेचा अध्यक्ष होता केंडल ब्रक्सव्होर्ट, शाळेतला विज्ञानाचा मास्तर.

"कोलबर्नसाठी कॉरी विसिंक," तो म्हणाला.

गेरिट लगबगीने उठले. "कॉरीला बरं नाहीये, मी बोलतो."

"मी ठणठणीत आहे. तुम्ही बसा," कॉरी म्हणाली आणि माइककडे गेली.

समोर दीडशेएक चेहरे होते, सगळे ओळखीचे. कोण कॉफीत किती साखर घेतं तेही तिला ठाऊक होतं.

"मी कोलबर्नच्या बाजूने बोलणार होते," ती म्हणाली. "का ते सांगते. माझ्या नवऱ्याला तुम्ही एका रविवारसाठी सगळ्यांसमोर उभं केलंत. मला वाटायचं, नियम खरा असेल, म्हणून त्याने ते सोसलं. काल कळलं, नियमबियम काही नव्हता. आर्न साधा माणूस होता, म्हणून त्याला गरज नव्हती. मोठा माणूस आला, तर लगेच गरज उभी राहिली. तुमचा देव माणूस बघून कायदा लावतो का हो?"

"कॉरी, ही जागा नाही..." गावचे पाद्री अर्धवट उठले.

"मग कुठली? तिथे तर तुम्ही बोलू दिलं नाहीत! मला शहाणपण सांगू नका, पास्टर. मी काही फार मागत नाहीये. तेव्हा मीही बसूनच होते, नवरा समोर उभा असताना. त्याची लाज मला रोज वाटते, तेवढी पुरे आहे मला. आज तुम्ही उठा. आर्नला उभं केलं ते चुकलं, असं ज्याला वाटतं त्याने आपल्या जागी नुसतं उभं राहायचं. बोलूही नका. त्याने बोलून दाखवलं होतं, तुम्ही नुसते उभे राहा."

कुणी खोकलं. डुकरंवाल्याने बुटांकडे बघितलं. गेरिट समोर ताठ बसले होते, कान लाल झालेले. लव्हॉनचा हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर गेला, घट्ट झाला. मग तो हात परत मांडीवर आला.

कुणीही उठलं नाही.

"झालं," कॉरी म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या उमेदवारांसाठी कोण काय बोललं ते तिने ऐकलंच नाही. चिठ्ठी आली ती तिने कोरीच टोपलीत टाकली. केंडल टेबलाशी बसून एकेक चिठ्ठी उघडून वाचू लागला. "कोलबर्न. कोलबर्न. कोलबर्न." मध्येच दुसरं एखादं नाव, की पुन्हा कोलबर्न. लोकांच्या खांद्यांतला ताण उतरला. कुणी हळूच कोट चढवायला लागलं.

मग केंडल थांबला. चिठ्ठी उलटी करून बघितली, परत सुलटी केली.

"आरेंड विसिंक," त्याने वाचलं.

आर्नचं पूर्ण नाव या गावात कितीतरी दिवसांनी कुणी उच्चारलं होतं. पुढे दोन कोलबर्न गेले, आणि पुन्हा, "आरेंड विसिंक." मग आणखी एक. आणखी एक. कोट चढवणारे हात थांबले. मागे कुणी बाई मुसमुसायला लागली. शेजारणीने कॉरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि कुजबुजली, "बघितलंस? माणसं विसरली नाहीत गं त्याला."

लोक तिच्याकडे बघत होते, ओल्या डोळ्यांनी. आता ती रडेल, आभार मानेल, आणि सगळ्यांना हलकं हलकं वाटून घरी जाता येईल, याची वाट बघत होते.

कॉरीने खांद्यावरचा हात झटकला आणि उठली.

"कुणी लिहिलंय हे?"

माना खाली गेल्या.

"मघाशी उभं राहायला सांगितलं तेव्हा पाय मोडले होते का? चिठ्ठीत लपून लिहायला बरं जमलं! आता तरी उठा. नाव लिहिलंत ना त्याचं, मग उठा!"

लव्हॉन दोन्ही हातांत तोंड झाकून रडत होती. पण रडत होती ती बसूनच.

केंडलने घसा खाकरला. त्या चार चिठ्ठ्या त्याने बाजूला सारख्या करून ठेवल्या होत्या. "कॉरी," तो हळू आवाजात म्हणाला, "ही मतं... यांचं काय करू? मोजू का?"

"बाद करा," ती म्हणाली. "बसलेल्यांची मतं नकोत त्याला."

केंडलने त्या चार चिठ्ठ्या आणखी बाजूला सरकवल्या. मग त्याने टोपलीत हात घातला आणि पुढची चिठ्ठी उघडली.

"कोलबर्न," त्याने वाचलं.