पाच तारे आणि एक कोपर

मी एक जुना टीव्ही आहे, मित्रांनो, आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे.

कारखान्यातून या घरात आलो तेव्हा माझा काय थाट होता! शेजारीपाजारी सामने बघायला यायचे. बाबा शिंपी; त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने झालरीचं कव्हर शिवलं होतं. मग प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला आणि मी अडगळ झालो. थोरला मुलगा, म्हणजे दादा, येता-जाता म्हणायचा, "हा डबा काढून टाकू एकदाचा."

पुढे बाबांचे गुडघे गेले. नाट्यगृहाचे जिने चढवेनात, आणि नेमकी तेव्हाच धाकट्या मुलीला पहिली मोठी भूमिका मिळाली. मुक्या बहिणीची. एकही वाक्य नाही, पण पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत रंगमंचावर. प्रयोग ऑनलाइन दाखवणार आहेत असं कळलं आणि मला पुन्हा भाव आला. दादाने आपला मोबाईल मला जोडला आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर बसले.

पडदा उघडला. कॅमेरा जो बोलेल त्याच्या तोंडावर. वकील बोलला की वकील, आई बोलली की आई. धाकटीचं कधी कोपर दिसे, कधी बाही. एकदा सगळं प्रेक्षागृह खो खो हसलं. कशाला, ते आम्हाला कळलंच नाही. बाबा सरकत सरकत माझ्या काचेला नाक लावायला आले.

"अरे, जरा डावीकडे दाखव की!" ते माझ्यावरच ओरडले.

मी काय दाखवणार, कप्पाळ! मला जे मिळतं तेच मी दाखवतो. चूक कॅमेऱ्याची आणि बोलणी मला.

नाटक संपलं. लगेच माझ्यावर प्रश्न झळकला: आपण समाधानी आहात का? दादाने पटकन पाच तारे देऊन टाकले.

"चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, एकदाही अडकलं नाही. अजून काय पाहिजे?"

"माझी पोरगी पाहिजे होती," बाबा म्हणाले.

तेवढ्यात तिचाच फोन आला. "बाबा, कसं झालं माझं काम?"

बाबांना खोटं बोलता येईना. "बाळा, तू दिसलीच नाहीस गं."

"उद्या येते मी," म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. तेच नाटक तिने माझ्यावर लावलं आणि माझ्या शेजारी, भिंतीला लागून उभी राहिली. आवाज माझा, काम तिचं. बाबांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. प्रेक्षागृह हसलं तिथे या वेळी तेही पोट धरून हसले, आणि शेवटी त्यांनी बाहीने डोळे पुसले.

मला मात्र शेजारचं दिसत नाही. सगळे कशाला हसले, ते मला अजूनही ठाऊक नाही, आणि याचा मला फार राग येतो. म्हणून सांगतो, मित्रांनो, उद्या तुमच्या हातात कॅमेरा आला तर तो गप्प उभ्या असलेल्या माणसाकडेही वळवा. त्याचाही बाप कुठेतरी टीव्हीसमोर बसलेला असतो.