धूर न चालणारा देव

सरोजला कशाची भीती वाटत नाही, हे डोंबिवलीत तरी कोणाला ठाऊक नव्हतं. विंचू, विहिरीचा काठ, कंदिलाची काच, परक्या घरचं पाणी, सगळ्याचीच ती धास्ती घ्यायची. त्यात दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा मधु चार दिवसांच्या तापात गेला. तेव्हापासून तर आठ वर्षांची लेक हेमा नुसती शिंकली, तरी सरोज तिच्या कपाळाला हात लावून बघायची.

अशा बाईला ऐन वैशाखात रानात मुक्कामाला काढणं म्हणजे हरिहर मास्तरांचीच करामत. शाळेच्या स्काउटांची राहुटी त्यांनी आधीच मागून आणली होती.

"वहिनी, कोरडी घळ आहे. दोन्हीकडे ताडमाड कातळ, मधून वाळूची वाट, टोकाला घोटाभर पाण्याचं कुंड. यात भिण्यासारखं काय आहे, सांगा!"

सरोजने नवऱ्याकडे पाहिलं. प्रभाकररावांना ऑफिसात साहेबाला नाही म्हणता येत नसे. जिवलग मित्राला ते काय म्हणणार! त्यांनी पिशव्या भरायला घेतल्या.

टिटवाळ्याला उतरून काळुरामच्या बैलगाडीतून दोन तास गेल्यावर घळीचं तोंड आलं. काळुराम जवळच्याच गावचा शेतकरी, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने राहुटी घळीच्या बाहेर लावायला लावली आणि चूलही बाहेरच, धूर रानाकडे जाईल अशी मांडली. संध्याकाळी सगळ्यांना आत फिरवताना तो एका शेंदूर लावलेल्या दगडापाशी थांबला. त्याने मुंडासं काढून हात जोडले.

"याला धूर चालत नाय," तो म्हणाला. "इडी नको, उदबत्ती नको. मोठ्यानं हसाचा पन नाय."

"का रे?" सरोजने विचारलं.

काळुरामने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर घाईने म्हणाले, "त्यांची पद्धत आहे, वहिनी. चला, कुंड बघू."

रात्रभर सरोज हेमाच्या अंगावर हात टाकून जागी राहिली. तिला त्या देवाचं काही पटेना. धूप न घेणारा देव कुठे असतो का? या अडाणी लोकांना पूजा माहीत नसेल, म्हणून बिचारा वर्षानुवर्षं उपाशी बसला असेल. आणि उपाशी देवाच्या दारात आपण पोर घेऊन आलोय! मधुच्या वेळी आपल्याकडून असंच काहीतरी राहून गेलं असणार, असं तिच्या मनाने घेतलेलंच होतं.

सकाळी मास्तर, काळुराम आणि हेमा कुंडाकडे गेले. प्रभाकरराव चहा करत होते. सरोजने चुलीतला गोवरीचा निखारा वाटीत घेतला, पदराआड धरला आणि त्या दगडापाशी जाऊन निखाऱ्यावर घरून आणलेली धुपाची पूड टाकली. धूर सरळ कातळाला लागून वर चढला.

"माझ्या हेमाला सांभाळ," ती पुटपुटली. तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

मग वरून एक आवाज आला. आधी लांबून मोटार यावी तसा. तिने वर पाहिलं. कातळाच्या पोटाखाली काहीतरी काळं, सुपाएवढं लोंबत होतं आणि ते हलत होतं. त्याच्या पलीकडे तसंच आणखी एक होतं.

"वहिनी, पळा! तोंड झाका! आग्या मोहोळ उठलं!"

मास्तर धोतर सावरत धावत आले, एकटेच. हेमा त्यांच्याबरोबर नव्हती.

सरोज उलटी आतल्या बाजूला धावली. जन्मभर झुरळाला भिणारी ती बाई माश्यांच्या ढगाकडेच निघाली होती. तिच्या मानेवर निखारा टेकवल्यासारखा डंख बसला, मग हातावर दोन. प्रभाकररावांनी धावत येऊन तिला मागून मिठी मारली आणि ओढत, फरपटत राहुटीत नेऊन कापडाखाली दाबलं.

"सोडा मला! पोर आत आहे हो!"

"काळुराम आहे तिच्याजवळ," मागोमाग आत शिरत मास्तर म्हणाले.

घोंघाव कापडावर आदळत राहिला. सरोज कान देऊन ऐकत होती. हेमाची एक किंकाळी आली आणि मग काहीच नाही. ते काहीच नाही तिला सर्वांत भयंकर वाटलं. मधुच्या खोलीतही शेवटी असंच झालं होतं.

"तू विडी ओढलीस!" प्रभाकरराव मित्रावर गरजले. आयुष्यात पहिल्यांदाच.

"नाही रे, आईशप्पथ! वर माश्यांची पोळी आहेत हे मला माहीत होतं. काळुराम सांगणार होता, मीच म्हटलं, वहिनींना सांगू नकोस, त्या यायच्याच नाहीत."

सरोजच्या मुठीत रिकामी वाटी तशीच होती. तिने ती पदराआड ओढली.

ऊन माथ्यावर येईपर्यंत घोंघाव हळूहळू ओसरला. मग वाळूवर पावलं वाजली. काळुराम घोंगडीत गुंडाळलेली हेमा घेऊन येत होता. हेमाच्या हाताला एक डंख होता आणि ती मुसमुसत होती. काळुरामचं तोंड ओळखू येत नव्हतं. डोळे बुजले होते, ओठ सुजून लोंबला होता. घोंगडी एकच होती, ती त्याने पोरीवर घातली आणि स्वतः वर पालथा पडून राहिला.

सरोजने लेकीला छातीशी घट्ट धरलं. मग ती काळुरामच्या पायाशी बसली आणि वाटी पुढे ठेवली.

"धूर मी केला. देव उपाशी आहे असं वाटलं मला."

काळुराम चाचपडत खाली टेकला.

"त्यो देव नाय, बाय. त्यो माजा बापूस. मध काढाला गेलेला, धूर उलटला. थयाच पडला. म्हनून दगड मांडलाय."

मास्तरांनी मान खाली घातली.

"तुमी कय मागितलाव त्याच्याकडं?" काळुरामने विचारलं.

"हेमाला सांभाळ म्हटलं," सरोज कशीबशी म्हणाली.

काळुरामने सुजलेला हात हवेत फिरवून हेमाचं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला.

"मंग? सांभालली ना त्यानं."

सरोज त्याच्या मानेतले काटे एकेक करून नखाने काढायला बसली. तिने ते काम दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही.