मुठीतलं पातं

वागिरा, वयामुळं गाव जिला 'म्बोक' म्हणजे आई म्हणायचं, दिवस उगवताना शेतात आली, तेव्हा बांधावर एकच बाई उभी होती, तुकिनेम. दुसरं कुणी येणारही नव्हतं. एरवी भात पिवळं झालं की गावच्या बाया न बोलावता येतात, कापणी करतात आणि आपला वाटा फडक्यात बांधून नेतात. पण गावचा मुखिया हारजो, ज्याला सगळे मानानं 'पाक' म्हणत, घरोघर सांगून आला होता, वागिराच्या शेतात कुणी पाय ठेवायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी पाटाच्या पाण्यावरून भांडण पेटलं आणि तुकिनेमच्या मुलानं, कारसोनोनं, वागिराच्या मुलाला, नगादिमानला, विळ्यानं तोडलं. कोर्टात वागिरा ओरडली होती, "गोळ्या घाला त्याला!" शिक्षाही तीच झाली. आता कारसोनोचा दयेचा अर्ज राजधानीत पडून होता. तो फेटाळावा म्हणून गावानं पत्र लिहिलं होतं आणि त्यावर पहिला अंगठा मेलेल्याच्या आईचा हवा होता. वागिरा देत नव्हती, म्हणून ही बंदी.

दोघी कापू लागल्या. बोटाएवढं पातं तळहातात लपवायचं आणि एकेक लोंबी खुडायची. भाताची देवी सिरी पातं दिसलं तर भिऊन शेत सोडून जाते. नगादिमान गेल्यापासून वागिराच्या शेतात विळा आलाच नव्हता.

ऊन चढलं तसा हारजो आला. हातात पत्र, शाईचा डबा, आणि मागं मजा बघायला सहा बाया.

"म्बोक, लाज न्हाई वाटत? जिच्या पोरानं तुजं पोर मारलं, तिच्यासंगं कापतीस?"

"तुमी कुनाला येऊ देत न्हाई. जी आली तिच्यासंगं कापतीया."

बाया फिसकन हसल्या. हारजो चिडला. "त्यो मेल्याबिगर नगादिमानला शांती न्हाई!"

"तुमाला येऊन सांगून गेला व्हय? माज्या सपनात तर नुसतं पाणी मागतोय."

"कोर्टात गोळ्या घाला कोन म्हनलं हुतं?"

"मीच. घर जळताना बाई काय बी वरडती. सरकारनं त्येच धरून बसायचं?" वागिरानं तुकिनेमकडं पाहिलं. "ही रोज मरतीया, पाक. आनखी एक आई माज्यासारखी झाली, तर माजं काय भरून निघनार?"

"मग सोडायचं त्याला?"

"सोडा कोन म्हनतंय? मरंस्तवर आत ऱ्हाऊ दे, खाल मानंनं. पर मारायचं न्हाई." तिनं मिटलेली मूठ वर केली. "ह्यात पातं हाय. दिसतंय? भातालासुदिक आपन पातं दावत न्हाई. आन् जित्या मानसाला तारीख सांगून, खांबाला बांधून मारायचं?"

हारजोनं डबा उघडून पत्र पुढं केलं. वागिरानं कमरेचा कागद काढला. सरकारला धाडायला शाळामास्तरांनी लिहून दिलेला. "ह्यात नुसता कारसोनो न्हाई. ह्या देशात कुनालाच असं मारू नका, असं लिवून घेतलंय."

आणि हारजोला कळायच्या आत तिनं त्याच्याच डब्यात अंगठा बुडवला, आपल्या कागदावर दाबला.

तुकिनेम चिखलातच खाली बसली.

"ऊठ गं," वागिरा म्हणाली. "भात तसंच उभं हाय."

चार बाया पाठ फिरवून निघाल्या. उरलेल्या दोघींतली पाइंतेन मात्र हलली नाही. तिनं अंबाड्यात खोचलेलं पातं काढलं, मुठीत लपवलं आणि शेजारणीला घेऊन बांध उतरली.

"पाक," ती मागं न बघता म्हणाली, "डबा तितंच ठिवा. कापून झालं की लागंल आमास्नी."